वज्रमुठीला कवर

आकाराम हवालदार चिडला म्हणजे आधी त्याच्या मिशा चिडत. लष्करातून घरी येऊन सहा वर्षं झाली, आष्ट्यात ऊस लावला, तरी चूक दिसली की गडी गप्प बसायचा नाही. एसटी दोन मिनिटं उशिरा आली की कंडक्टरला फैलावर घ्यायचा. सासऱ्याच्या तेराव्याला पंगत वाकडी बसली, तर ह्यानं सगळी उठवून पुन्हा सरळ बसवली.

अशा माणसाला जाफर टेलरनं अठ्ठ्याहत्तर साली खेळाला बसवलं, हीच मुळात घोडचूक. जाफरच्या मेव्हण्यानं बोटीवरच्या नोकरीतून एक इंग्रजी पुस्तक आणि फासे आणले होते. जाफर गोष्ट सांगायचा. गुहा, राक्षस, मंत्र, सगळं त्यात. खेळणाऱ्यानं आपला गडी त्या गोष्टीत चालवायचा. मार बसला की फासे सांगतील तेवढा जीव कमी. जीव संपला की गडी मेला, पुन्हा उठत नाही.

आकारामनं आपल्या गड्याचं नाव ठेवलं हरिबा. खरा हरिबा त्याच्याच पलटणीतला, कडेगावचा. एकाहत्तरच्या लढाईत तो पुढं धावला, मागून गोळ्या झाडत आकारामनं कवर द्यायचं होतं, आणि ऐन वेळी त्याची मशीनगन अडकली. हरिबा तिथंच गेला. जाफरला हे ठाऊक होतं, त्या नावाची तो कधी थट्टा करत नसे. आठ रविवार आकारामच्या सोप्यात कागदावरचा हरिबा जगला होता.

नवव्या रविवारी राक्षस समोर ठाकला. हरिबाचा जीव उरला होता चार, आणि नवा मंत्र एकच घेता येणार होता. जाफरनं वाचलं, "वज्रमूठ. मुठीत वीज उतरती, एका फटक्यात राक्षस खलास. पण दुश्मनाच्या अंगाला भिडून सहा मोजेस्तोवर मंत्र म्हणायचा. मधी मार बसला की गेला वाया."

"कुठल्या शहाण्यानं लिवलंय रं हे? हातघाईत सहा कोण मोजतंय, ह्याचा बाप?"

"आवं आबा, नियम हाय."

"नियम काय डोंबल! अगं ए, फुंकणी घिऊन ये!"

त्याची बायको विजयमाला चुलीपासून फुंकणी घेऊन आली.

"मी मंत्र म्हणतो, तू हाण. दया करू नगंस."

तिनं केली नाही. पहिल्यांदा तीन मोजल्यावर, मग दोनावर, मग तोंड उघडायच्या आतच फुंकणी बसली. "आवं, वीस वर्षांची हौस हाय," ती म्हणाली, "म्हणा की पुन्यांदा."

"भिकार मंत्र! फाड ते पान!" आकाराम दंड चोळत ओरडला. तरी हट्टानं पुन्हा मूठ उगारली.

ह्या वेळी जाफर हसत मधे घुसला. फटके त्याच्या पाठीवर बसले आणि मागं आकारामचं सहा मोजून झालं.

आकाराम आपल्या मुठीकडं बघत राहिला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला.

"मंत्र चांगला हाय," तो हळू म्हणाला. "निस्तं कवर पायजे."

"पुढं थांबंल त्यो मरणार, आबा. सगळा मार त्याच्यावर. नवा गडी घ्यावा लागंल. नाव काय लिवू?"

"आकाराम."

जाफरची पेन्सिल थांबली.

"हरिबाच्या पुढं उभा कर त्याला. आन लवकर लिव की रं, सात वर्षं उशीर झालाय."