येळ्ळूरच्या अंगणात अमेरिकेची मतमोजणी

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल पाहायला कुठे जावं, असं विचारलं तर बहुतेक जण तिकडचंच एखादं शहर सांगतील. मी सांगेन, येळ्ळूरला जा. बेळगावपासून अर्ध्या तासावर आहे, व्हिसा लागत नाही आणि मोजणी सुरू असेपर्यंत चहा फुकट मिळतो.

येळ्ळूर हे माझ्या आईचं माहेर. तिथे माझे दोन मामा एकाच गल्लीत समोरासमोर राहतात. थोरले अण्णामामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. धाकटे शिवामामा बहात्तरचे, त्यांची हयात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत गेली. सहा वर्षांपूर्वीपर्यंत दोघं ताटाला ताट लावून जेवत. मग विधानसभेची निवडणूक आली, एकाच जागेसाठी दोन मराठी उमेदवार उभे राहिले. अण्णामामांनी एकाचा प्रचार केला, शिवामामांनी दुसऱ्याचा. मतं फुटली आणि दोन्ही उमेदवार पडले. तुझ्यामुळे पडलो, असं दोघांनी एकमेकांना ऐकवलं आणि बोलणं बंद केलं. तेव्हापासून आई भाऊबीजेला दोन घरांत दोनदा ओवाळते, दोनदा जेवते आणि परतीच्या बसमध्ये रडते.

याला अपवाद फक्त एकदाच झाला. चार वर्षांपूर्वी अण्णामामांचा टीव्ही बंद पडला. मामीने त्यांना न विचारता शिवामामांना हाक मारली. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, वायर जोडली आणि पडद्यावर अमेरिकेची मोजणी उमटली. अण्णामामांनी एका राज्याची राजधानी सांगितली, शिवामामा म्हणाले चूक, आणि जी जुंपली ती चार दिवस. कारण त्या खेपेला अमेरिकेची मोजणीच चार दिवस रखडली होती. निकाल लागला तसा शिवामामांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ते घरी गेले. सहा वर्षांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले ते तेवढेच चार दिवस.

म्हणून यंदा दिवाळी आटोपल्यावर आई मला म्हणाली, "शुभा, तू जाऊन ये. तुझ्या ब्लॉगलाही काहीतरी होईल. ते परत बोलतात का, तेवढं बघ." ती स्वतः का येत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही बोलले तर मला बघवणार नाही." मी रविवारपर्यंत रजा टाकली.

मंगळवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरली. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. एरवी सात तास पुरतात, पण सध्या साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा आठ-नऊ धरून चाला आणि पाण्याची बाटली भरून घ्या. बायकांसाठी एक सूचना. आपलं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच असतं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी कंडक्टरशी वाद घातला.

"सीमेपर्यंत अर्धं, तिथनं पुढं पुरं," तो म्हणाला.

"अहो, बाई तर तीच आहे ना?"

"बाई तीच हाय ओ, राज्य बदलतंय." त्याने शांतपणे तिकीट फाडून दिलं.

निपाणीच्या स्टँडवर बस थांबली की खाली उतरून चहा प्यावा. तिथला चहा घट्ट आणि गोड असतो. माझ्या शेजारी तंबाखूचे दोन व्यापारी उभे होते. एकाने वर्तमानपत्र घडी घालत विचारलं, "आमेरिकेत कोण येतंय रं?" दुसरा म्हणाला, "कोण बी येऊ दे. तंबाकूवरचा कर कोण कमी करणार न्हाय." विषय तिथेच संपला. पुढे तवंदीचा घाट, संकेश्वर, आणि काकती दिसलं की बॅगा खाली काढायला लागायचं.

बेळगावहून येळ्ळूरला सिटी बस आहे. तिथल्या बायकांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, मात्र आधारकार्ड कर्नाटकातलं लागतं. माझं पुण्याचं निघालं. शेजारच्या बाईने आधी माझी सगळी चौकशी केली आणि मग म्हणाली, "म्हायेर आईचं हितलं असून काय उपेग? भरा की पैसे." मी भरले.

अण्णामामांच्या घरी पोचले तर मामीने पंगतीची तयारी केलेली. दिवाळीचा निम्मा फराळ तिने डब्यात दडवून ठेवला होता. भाताची कापणी पुढच्या आठवड्यावर ढकलली होती. मला म्हणाली, "चार दिवस मोजणी चालती गं. मागल्या खेपंला चालली न्हाय व्हय?"

मी तिला म्हटलं, दर वेळी चार दिवस लागत नाहीत. कधी एका दिवसातही संपतं. मामीचा हात पिठातच थांबला. "असं बोलू नको," ती म्हणाली.

आणि मुळात शिवामामा येणार का, हाही प्रश्न होताच. टीव्ही या वेळी ठणठणीत होता. त्यांना बोलावणार कोण? अण्णामामा बोलावणार नाहीत, शिवामामा बोलावल्याशिवाय येणार नाहीत, आणि मामीने हाक मारली तर दोघंही चिडणार. चार वर्षांत एकदा येणारा मुहूर्त असाच जाईल, या धास्तीने मला धड झोप लागली नाही.

बुधवारी सकाळी सहाला उठून बाहेर आले तर अण्णामामा अंगणात उकिडवे बसले होते. सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या रांगोळीने अमेरिकेचा नकाशा काढत होते, तोही न बघता. दिवाळीतले उरलेले लाल आणि निळे रंग दोन वाट्यांत काढून ठेवले होते. ज्या पक्षाचं राज्य, त्याचा रंग भरायचा. समोरच्या दारात शिवामामा वर्तमानपत्र धरून बसले होते. पेपर बराच वेळ एकाच पानावर होता.

अर्ध्या तासात नकाशा पुरा झाला. अण्णामामा कमरेला हात देऊन उठले आणि लांबून त्याच्याकडे बघत राहिले. आतून टीव्हीवर पहिले निकाल ऐकू यायला लागले.

"फ्लोरिडा कुठं हाय?" गल्लीपलीकडून आवाज आला.

अण्णामामा रंगाच्या वाट्या सारख्या करायला लागले.

"आख्खं फ्लोरिडा सोडलंय. मास्तर म्हणं." पेपर खाली ठेवून शिवामामा गल्ली ओलांडून आले, वाटीतली रांगोळी चिमटीत घेतली आणि खाली बसून जोडून दिलं फ्लोरिडा. चौतीस वर्षं भूगोल शिकवणारा माणूस फ्लोरिडा विसरेल का, हे मी मामीला डोळ्यांनीच विचारलं. तिने पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेली.

मग चिठ्ठ्या टाकल्या. लाल शिवामामांना आला, निळा अण्णामामांना. दोघांनाही त्या उमेदवारांशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण चिठ्ठी उघडल्याबरोबर दोघंही कट्टर कार्यकर्ते झाले. अण्णामामांना राज्यं पुस्तकातून माहीत, शिवामामांना खोक्यांवरून. त्यांच्या फाउंड्रीतून पंपांची ओतीव लोखंडी कास्टिंगं अमेरिकेला जायची आणि खोक्यांवरचे पत्ते हेच रंगवायचे. "ओहायोला आमची झाकणं जायची," असं म्हणून ते रंग भरायचे. तिकडे देशभर जास्त मतं मिळवूनही माणूस हरू शकतो, हे मी त्यांना समजावून सांगायला लागले, तर शिवामामा म्हणाले, "मतं फुटून काय हुतंय, हे आमास्नी शिकवू नको."

अण्णामामांनी लाल रंगाची वाटी पुढे सरकवली. मग म्हणाले, "टेक्सास भर तू."

दूधवाला टेक्सासवरून उडी मारून आत आला. मामीने सडा टाकायचं सोडून दिलं होतं. कोंबड्या हुसकायचं काम माझ्याकडे होतं.

पण मी म्हटलं होतं तेच झालं. मोजणी भराभर उरकत गेली. चारच्या सुमाराला विस्कॉन्सिन लागलं आणि टीव्हीवरचा माणूस ओरडला की निकाल आला, संपलं. लालवाले जिंकले. शिवामामांच्या चिमटीत लाल रंग होता आणि हात तसाच विस्कॉन्सिनवर थांबला होता. तिथल्याच मिल्वाकी गावाला त्यांनी वर्षानुवर्षं खोकी पाठवली होती.

"जिंकलास की रं," अण्णामामा म्हणाले.

"व्हय." रंग काही पडेना. पडला की उठावं लागणार, हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं. मामी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. चार दिवसांचा फराळ तिने साठवून ठेवला होता आणि पहिला दिवसही सरला नव्हता. मला आईला काय सांगायचं ते सुचेना.

अण्णामामांनी चष्मा पुसला. "नेवाडा राह्यलंय अजून."

"आणि अ‍ॅरिझोना," शिवामामा लगेच म्हणाले.

"मिशिगन बी बाकी हाय."

"त्यो टीव्हीवाला म्हणालाय संपलं," मामी म्हणाली. ती कुठल्या बाजूची होती, देव जाणे.

"त्याला काय कळतंय?" दोन्ही भाऊ एकदमच म्हणाले. टपाली मतं मोजल्याबिगर निकाल कसला, यावर त्यांचं सहा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. शिवामामांनी विस्कॉन्सिन भरलं आणि चहाला हात घातला. मी बाजूला जाऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे उद्याही येणार का तो?" मी हो म्हटलं.

गुरुवारपर्यंत नेवाडा आणि अ‍ॅरिझोनाच उरली आणि ती काही हलेनात. जगाने दुसऱ्या बातम्या सुरू केल्या होत्या, आमच्या अंगणात मात्र मोजणी चालू होती. दुपारी शिवामामांनी मला मोटारसायकलवर राजहंसगडाला नेलं. येळ्ळूरला आलात तर चुकवू नका, गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. भाताची पिवळी शेतं आणि पलीकडे बेळगाव, सगळं एका नजरेत येतं. ऊन उतरल्यावर जा, वर सावली कमी आहे.

तटावर बसून त्यांनी अण्णामामांना मनसोक्त नावं ठेवली. हट्टी आहे, स्वतःला शहाणा समजतो, रांगोळीही वाकडी काढतो. मग म्हणाले, "त्याच्या दारातली लाईट रोज सकाळी साडेसहाला बंद हुती. गेल्या म्हयन्यात एक दिस आठ वाजले तरी चालूच. मी माज्या दारात उभा. पेपर हातात."

"मग गेला का नाहीत?"

"कसा जाणार गं? काय म्हणून जाऊ?" ते शेतांकडे बघत म्हणाले. "सव्वाआठला बंद झाली. मग मी च्या प्यालो." मला त्यांच्यावर फार माया आली आणि थोडा रागही आला.

शुक्रवारी मी बेळगावची प्रसिद्ध मिठाई, कुंदा, घ्यायला गेले. अर्धा किलो घेऊ नका, एक किलो घ्या, प्रवासात अर्धा संपतो. शनिवारी जेवणाआधी नेवाडा लाल झालं. रविवारी सकाळी आठच्या आत अ‍ॅरिझोनाही. आता नकाशात मोकळी जागा उरली नाही.

शिवामामांनी हात झटकले, धोतराला पुसले. मामीने झाडू आणला होता, पण ती तो लपवून उभी होती. ते अंगणाच्या कडेपर्यंत गेले, पायात चप्पल घातली.

"शिवा," अण्णामामा म्हणाले. "चार वर्षं लई होत्यात रं."

शिवामामा पाठमोरेच उभे राहिले. मग वळले ते माझ्याकडे. "शुभा, तुझ्या मोबाईलात बग की. अध्यक्ष काय एकट्या आमेरिकेतच असतोय व्हय?"

मी शोधलं आणि सापडलं. रोमानियात दोन आठवड्यांनी मतदान होतं. अण्णामामा म्हणाले, तो नकाशा काढायला सोपा आहे. शिवामामा म्हणाले, सोपा कसला, खाली डॅन्यूब नदी आहे. आणि चप्पल काढून पुन्हा आत आले.

पुण्यात परतून मी हे लिहायचं म्हणत राहिले आणि राहून गेलं. मधल्या काळात रोमानियाची पहिली फेरी झाली. डिसेंबरात एके दुपारी अण्णामामांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज शिवामामांचा होता. "शुभा, रद्द झाली. कोर्टानं आख्खी निवडणूक रद्द केली. पयल्यापासनं परत." इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. मागून अण्णामामा सांगत होते, नकाशा पुसलेला नाही म्हणावं.

सहलीतून काय उरलं, असं लोक विचारतात. कुंदा तर साताऱ्यालाच संपला होता. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र आता देशांची नावं आहेत, जिथे कधी जाईन असं वाटत नाही अशा देशांची. तंटा मिटला का, तर नाही. त्या निवडणुकीबद्दल दोघं अजून एक शब्द बोललेले नाहीत. पण शिवामामा आता गल्ली ओलांडून जातात आणि त्याला त्यांच्याकडे कारण असतं.

परवा आई मेथी निवडत बसली होती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढच्या भाऊबीजेच्या सुमाराला कुठे मतदान आहे का गं?"

मी कॅलेंडर बघितलं. "आयर्लंडमध्ये असेल, बहुतेक."

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. "तिथे मोजणी किती दिवस चालते?"