सँडविचच्या कारखान्यातली तपासणी

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या एका कारखान्यात मी सँडविच भरायचे. शिक्षण एम.एस्सी. बॉटनी. नवरा डॉक्टर, इथली परीक्षा पास होऊन हॉस्पिटलच्या नोकरीची वाट बघत घरी बसलेला. नागपूरला सगळ्यांना सांगितलं होतं, मी लॅबमध्ये आहे. पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी. फोटोत कोणाला काय कळतंय!

सरकत्या पट्ट्यापाशी माझ्या शेजारी एक पंजाबी बाई उभी राहायची. साठीला आलेली. आत फ्रिजसारखी थंडी, त्यात तिची बोटं मिटेनाशी झालेली. बाथरूमला जायलाही परवानगी लागे आणि ती बऱ्याचदा मिळत नसे. शेवटी तिने गुरुद्वाऱ्यातल्या कोणाकडून तरी तक्रार लिहवून घेतली आणि काय आश्चर्य, सरकारी इन्स्पेक्टर खरंच आला. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मॅनेजरने मला पुढे केलं.

"बेटी, सब बता दे," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे धरले.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्हा मुलांची आठवडाभर तालीम चालायची. पाणी येतं का? येतं! सुकडी मिळते का? मिळते! आपण खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही. शाळेची अब्रू राखतोय असंच वाटायचं.

इन्स्पेक्टर नम्र होता, मान खाली घालून लिहीत होता. मॅनेजर दारात उभा. तिला काही त्रास आहे का, असं इन्स्पेक्टरने विचारलं.

"शी इज हॅपी, सर. दे लुक आफ्टर अस."

"आणि हात?"

"ओल्ड एज, सर."

तो गेल्यावर बाईने माझ्या गालावरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हिसाची भीती होती, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. पण ते कारण मागाहून शोधलेलं. त्या क्षणी मी फक्त शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं होतं. ती मात्र रोज सकाळी विचारायची, काही कळलं का? सरकारी काम आहे, वेळ लागतो, असं मी म्हणायचे. कधी कधी तर तिच्यावरच खेकसायचे.

डिसेंबरात तिच्या हातून भरलेला ट्रे पडला. मॅनेजरने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. उद्यापासून यायची गरज नाही, हे तिला समजावून सांग, म्हणाला. ते मी तिला सांगितलं, एकही शब्द न गाळता.