फणसाची मारामारी आणि वस्तादांचा गुडघा

‘हा माणूस पडला, की याला झोप लागली?’ वस्तादांनी विचारलं.

मी लॅपटॉप बंद करायला गेले, पण उशीर झाला होता. चारला यायचे ते पावणेचारलाच आले होते. त्यांच्या मुलीने, वैशालीने, दार ढकललं आणि वॉकर टेकत ते थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर एक हमाल दुसऱ्या हमालाला उचलून मेथीच्या ढिगावर आपटत होता. निदान माझी तशी समजूत होती.

मी फिजिओथेरपिस्ट. वारज्यात माझं क्लिनिक आहे, अठरा वर्षं झाली. दुपारी एक ते चार ते बंद असतं. लोकांना वाटतं, मी घरी जाऊन ताणून देते. पुण्यात हा गैरसमज कोणी दूर करायला जात नाही, उलट लोक जरा आदराने बघतात. खरं सांगायचं तर त्या तीन तासांत मी मारामाऱ्या करते. अ‍ॅनिमेशनच्या. हौस आहे. कोणी सतार शिकतं, कोणी टेरेसवर टोमॅटो लावतं, मी चित्रातली माणसं एकमेकांच्या अंगावर सोडते.

अ‍ॅनिमेशन म्हणजे शेवटी चित्रांची चळत. एका सेकंदाला चोवीस चित्रं, त्यातल्या प्रत्येकाला फ्रेम म्हणायचं. मारामारीचा सीन करायचा तर आधी प्लॅन लागतो. कोणाला काय हवंय, कोण कुठे उभा आहे, कोण कधी वरचढ होतो. मग मोक्याच्या पोझेस काढायच्या आणि त्यांच्या मधली चित्रं भरत बसायचं. माझा सीन साधा होता. मंडई, दोन हमाल, एक फणस. वीस सेकंदांचं काम, आणि मी चार महिने त्यात अडकले होते. आमच्या हौशी लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला की दर वेळी तेच उत्तर यायचं, ‘छान आहे ताई, पण फ्लोटी वाटतंय.’ फ्लोटी म्हणजे वजन नाही. माणसं आपटतात, पण कोणाला लागत नाही. का, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

वस्तादांनी सांगितलं. न विचारता.

‘हा उचलतोय तो कोण?’

‘व्हिलन.’

‘पाठ बघा त्याची. ताठ. गुडघ्यांतून वाकलाय, माल छातीशी धरलाय, सावकाश उठतोय. मॅडम, हा व्हिलन आहे की तुमचा पेशंट?’

वैशाली फिस्सकन हसली. मी स्क्रीनकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीवर ‘ओझे असे उचला’ हा तक्ता आहे, मी रोज दहा जणांना तो वाचायला लावते. माझा व्हिलन त्यातूनच उठून आला होता. मंडईत भरदिवसा फणसासाठी खून चढलेला माणूस, आणि तो कमरेची काळजी घेत होता. चार महिन्यांत ग्रुपवरच्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण ते सगळे इंजिनिअर. त्यांच्या स्वतःच्याच कमरा गेलेल्या आहेत.

आता वस्तादांबद्दल. शनिवार पेठेतल्या एका तालमीत ते कुस्ती शिकवतात. वय सदुसष्ट. महिन्यापूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला, म्हणजे झिजलेला सांधा काढून नवा बसवला. घर पेठेत, पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी आणि अंगावर येणारा. म्हणून ऑपरेशननंतर त्यांना वैशालीकडे वारज्यात आणलं, सातव्या मजल्यावर, लिफ्टसकट. ‘खाली बघितलं तर नुसती टकली दिसतात,’ ते म्हणायचे. ‘ओळखायचं कोणाला?’

त्यांना घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण त्या उंच पायऱ्यांसाठी गुडघा नव्वद अंशांपर्यंत तरी वाकायला हवा, आणि त्यांचा बहात्तरवर रुतून बसला होता. दोन आठवडे मी रोज वाकवत होते, रोज बहात्तर. सर्जननी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तोवर नव्वद झालं नाही, तर पुन्हा दाखल करून, भूल देऊन गुडघा वाकवावा लागणार होता. वस्तादांनी त्यावर फक्त ‘बघू’ म्हटलं. वैशाली मात्र बाहेर येऊन माझ्याजवळ रडली. म्हणाली, ‘बाबा रात्री जेवत नाहीत, आणि मला सांगतात भूक नाही.’

तर ते वस्ताद आता माझ्या फणसात शिरले होते.

‘तुम्ही सगळी मेहनत मारणाऱ्यावर केलीय,’ ते म्हणाले. ‘बघणारा कोणाकडे बघतो? मार खाणाऱ्याकडे. त्याला लागलं, तर लागलं. नाहीतर तुमचा व्हिलन गेला उडत.’

‘तो आपटल्यावर तोंड वाकडं करतो की.’

‘आपटल्यावर कोणीही करेल. त्याला आधी कळायला पाहिजे. पोटात कळतं, डोळ्यांत कळतं. मग हात लागतो. थांबा, दाखवतो.’

आणि त्यांनी वॉकर सोडला. मी एका बाजूने धावले, वैशाली दुसऱ्या बाजूने. दोघींनी मिळून नव्वद किलोंचा ऐवज कॉटवर बसवला. तेवढ्यात माझी स्वतःची पाठ अजिबात ताठ राहिली नाही, हे जाता जाता नमूद करते.

‘बसूनच दाखवा,’ मी दटावलं. ‘आणि मी शूटिंग केलं तर चालेल का? चित्र काढताना समोर खरं माणूस असलं की बरं पडतं. रेफरन्स म्हणतात त्याला.’

‘करा. लोकांना दाखवू नका म्हणजे झालं. तालमीत कळलं तर पोरं तोंडावर हसतील.’

मी फोन शेल्फवर सॅनिटायझरच्या बाटलीला टेकवून ठेवला. पुढची दहा मिनिटं त्या माणसाचा कायापालट झाला होता. कॉटच्या कडेवर बसून, फक्त कमरेच्या वरचं अंग वापरून, ते पाच वेळा उचलले गेले आणि पाच वेळा आपटले. व्हिलन वैशाली. ‘अगं, मला उचलतेस का दुधाची पिशवी?’ म्हणून तिला झाडण्यात आलं. मी खूश होते. मग घड्याळ बघितलं, सव्वाचार. रोजचं काम सुरू केलं. त्यांना आडवं केलं, टाच धरली, गुडघा वाकवायला घेतला.

‘दुखतंय?’

‘नाही.’

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कोनमापक लावला, बहात्तर.

दुसऱ्या दिवशी एक वाजता डबा उघडला, लॅपटॉप उघडला आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले. हे काम कंटाळवाणं असतं, पण मला आवडतं. वेगात न दिसणारं सगळं तिथे दिसतं. वस्तादांचं पडणं अप्रतिम होतं. हात लागायच्या आधी डोळे मोठे होत होते, पोट आत जात होतं, मग आख्खा माणूस जात होता. मी भराभर स्केचेस करत होते, तोंडात पोळी तशीच.

पाच वेळा पडून झालं तरी व्हिडिओ संपेना. मी फोन बंद करायला विसरले होते. पुढे आमची ट्रीटमेंट सुरू झाली. बोटाला सवय लागली होती, मी तेही फ्रेम फ्रेम सरकवत राहिले.

आणि पोळी खाली ठेवली.

माझा हात त्यांच्या पायाकडे निघाला होता. अजून लागला नव्हता. त्याच्या अकरा फ्रेम आधी वस्तादांचा जबडा आवळला होता. श्वास थांबला होता. उजव्या हाताने कॉटची कड पकडली होती, आणि मांडी दगड झाली होती. अकरा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही. मग माझा हात लागतो. पडद्यावर माझाही चेहरा दिसत होता. मी गुडघ्याकडे बघत होते. फक्त गुडघ्याकडे.

मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो. तो आवळलेला असेल तर गुडघा वाकणारच नाही, कितीही जोर लावा. म्हणजे दोन आठवडे मी त्यांच्या सांध्यावर काम करत नव्हते. मी एका पैलवानाच्या मांडीशी कुस्ती खेळत होते आणि रोज हरत होते. गुडघा चांगला होता. माणूस घाबरला होता. आणि अठरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईने त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

चारला वस्ताद आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि तेवढाच तुकडा सावकाश लावला.

‘म्हणजे मी घाबरतो, असं म्हणायचंय तुम्हाला?’ आवाज चढला होता.

‘मी काहीच म्हणत नाहीये. तुम्ही बघा.’

त्यांनी एकदा बघितलं. ‘परत लावा.’ दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, आता हे उठतील आणि परत येणार नाहीत.

‘हा गडी हरणार,’ वस्ताद म्हणाले.

‘का?’

‘पकड बसायच्या आधीच आवळलाय. दम कोंडलाय. असा गडी लाकडासारखा पडतो आणि मोडतो.’ ते स्वतःबद्दल बोलत होते, पण आवाज तालमीतला होता. ‘नवीन पोराला आम्ही महिनाभर डाव शिकवत नाही. आधी पडायला शिकवतो. दम सोडत पडायचं. हे कोणी शिकवलं नाही वाटतं याला.’

‘मग शिकवा.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गुडघ्याकडे. ‘तुम्ही हात मागे घ्या, मॅडम.’

मी हात मागे घेतले. खरोखर, पाठीमागे बांधून स्टुलावर बसले. त्याआधी टाचेखाली पावडर टाकली, पायाला टॉवेल अडकवून त्याची दोन टोकं त्यांच्या हातात दिली होती. आता ओढणारे तेच आणि थांबणारे तेच. दम सोडायचा, टाच सरकवायची. दम संपला की थांबायचं. पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. मी बोट जरी हलवलं तरी ‘हात!’ असा दम मिळायचा. शेजारच्या कॉटवर मानेच्या दुखण्याला येणाऱ्या कुलकर्णी काकू होत्या, त्यासुद्धा त्यांच्याबरोबर फुस्स फुस्स करायला लागल्या. काकूंची मान सुधारली, त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये तीन दिवस गाडी त्र्याऐंशीवर थांबली. एका दिवशी ते आलेच नाहीत, पाय सुजला होता. मुदत संपायला चार दिवस होते आणि मला झोप लागत नव्हती. मग पुन्हा टॉवेल, पुन्हा दम.

सर्जनच्या तपासणीला मी मुद्दाम बरोबर गेले. त्यांनी मोजलं. शहाण्णव. पुन्हा मोजलं.

‘काय केलंत?’ त्यांनी मला विचारलं.

‘मॅडमना बसवून ठेवलं,’ वस्तादांनीच सांगून टाकलं.

मधल्या काळात मी फणसाचा सीनही पूर्ण केला. व्हिलनची पाठ वाकवली, अगदी तक्ता फाडावासा वाटेल इतकी. आणि मार खाणाऱ्याला, हात लागायच्या आधी, अकरा फ्रेम दिल्या. डोळे, जबडा, पोट, या क्रमाने. बाकी काही फारसं बदललं नाही. ग्रुपवर टाकल्यावर एकाने लिहिलं, ‘आता बघवत नाही, ताई.’ आमच्यात ही मोठी दाद असते. दुसऱ्याने लिहिलं, ‘फणस अजून फ्लोटी आहे.’ तो राहू दे म्हटलं.

पुढच्या रविवारी वस्ताद घरी गेले. जिना पहिल्यांदा चढताना मी हजर असावं, असं वैशालीचं म्हणणं होतं. शनिवार पेठेत बोळाच्या तोंडाशी तालमीतली दहा-बारा माणसं जमली होती. वस्तादांनी त्यांना हाताने लांब उभं राहायला सांगितलं. चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा, हे आम्ही घोकलं होतं.

पहिल्या पायरीपाशी ते थांबले. त्यांचा जबडा आवळलेला मला दिसला. कठड्यावरची बोटं पांढरी झाली होती. वैशालीने हात पुढे केला, मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. मग वस्तादांनी लांब दम सोडला आणि पाय उचलला.

चौदा पायऱ्या. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून तालमीतल्या माणसांकडे बघितलं, जणू रोजचीच गोष्ट. मी त्यांच्या मागोमाग चढले, तर ते कठड्याला धरून, मला एकटीला ऐकू येईल असं बोलले.

‘त्या व्हिडिओत मी घाबरलो होतो, मॅडम.’

‘हो.’

‘तुम्हाला आधी माहीत होतं?’

‘नाही. बघितल्यावर कळलं.’

‘मलाही बघितल्यावरच कळलं,’ ते म्हणाले. ‘मला वाटायचं, नुसतं दुखतंय.’

त्यानंतर मी पेशंटना ‘दुखतंय का?’ विचारणं जवळपास सोडलं आहे. सांध्याला हात लावण्याआधी मी त्यांच्या तोंडाकडे बघते, आणि पुष्कळदा हात तिथेच थांबवते.