शून्य म्हणजे लाभ

शैला गेल्याचं मला तिच्या आईंनी फोनवर सांगितलं. "मोहन, आपली शैला गेली रे," एवढंच म्हणाल्या आणि मग त्याच मला विचारू लागल्या, जेवलास का... त्याला आता काही आठवडे झाले. आजार किरकोळ आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. प्रोग्रॅम लिहिताना शैलाने मला असं काही कधी धरून चालू दिलं नसतं.

नव्वदीच्या सुरुवातीला ठाण्यात एका पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. लोकांचे नकाशे, लग्नपत्रिका, फोटो कॉम्प्युटरवर चढवून द्यायचो. शैला डोंबिवलीहून यायची. तिने प्रोग्रॅम लिहायचे आणि मी तिच्या चुका काढायच्या, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सगळं उलटं चालायचं. बाई फटकळ. चहा गार आला तर चहावाल्याला सोडून मला बोलायची.

एकदा कळव्याच्या खाडीकाठचे एक कोळी गृहस्थ फ्लॉपी घेऊन आले. आम्ही त्यांना नाखवा म्हणायचो. त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो कुठल्याशा दुकानाने स्कॅन करून दिला होता. पुढे उधाणाचं पाणी घरात शिरलं आणि मूळ फोटो गेला. दुकानही बंद पडलं, आणि त्यांची फाइल कशातच उघडेना. नाखवा फ्लॉपी पुढे करत म्हणाले, "बाय गो, माजी आय हाय ना यात?"

"आहे. काढते," शैला म्हणाली. हा शब्द तिने द्यायला नको होता, असं मला तेव्हा वाटलं.

अशा फाइलमध्ये जागा वाचवायला सारखे ठिपके पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत. आधी आकडा, मग रंग: इतके काळे, मग इतके पांढरे. ते उलगडून ओळीने मांडले की चित्र तयार. आम्ही मांडलं तर नाखव्यांची आई तिरकी वाहत गेलेली, कपाळ एकीकडे आणि हनुवटी भलतीकडे. शिवाय मधे मधे शून्यं. शून्य काळे ठिपके कोण कशाला लिहील? मी म्हटलं, कचरा असेल, गाळून टाक. तिने गाळला, तरी आई सरळ होईना.

त्या रविवारी मी डोंबिवलीला तिच्या घरी जेवायला गेलेलो. तिच्या आई बाजूला बसून नवे तांदूळ मापाने डब्यात भरत होत्या. "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शैलाचा आमटीभाताचा घास हातातच राहिला.

"अरे मोहन, आई एक म्हणतच नाही!"

"मग?"

"मग ही फाइल पण म्हणत नाही! शून्य म्हणजे तिचा लाभ. एक ठिपका आहे तो, गाढवा. आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने कमी लिहिलेत."

"तुमच्या गडबडीत माझं माप चुकलं," आई वैतागून म्हणाल्या.

सोमवारी नाखव्यांची आई स्क्रीनवर सरळ उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात वेणी. फ्लॉपी थोडी खराब असल्याने गालावरून तेवढी एक ओळ कोरी होती. मी म्हटलं, वरच्या ओळीसारखीच भरून टाकू, कुणाला कळणार आहे? शैला तडकली. "तिथे काय होतं ते तुला माहीत आहे का? मग नाही भरायची." छापलेला कागद हातात घेऊन नाखवा तिथेच जमिनीवर बसले. मला माझ्या शंकेची लाज वाटली, आणि शैलाचा फार अभिमान वाटला.

परवा तिची बातमी सांगायला कळव्याला गेलो. फोटो भिंतीवर काचेत होता, गालावरची ओळ कोरीच. बातमी ऐकून नाखवा उठले. त्यांनी शेजारी एक खिळा ठोकला. "बायचा फोटू दे. आयेच्या बाजूला लावतो."

घरी येऊन मी ऑफिसच्या जुन्या फ्लॉप्या काढल्या. कुणाकुणाची बारशी निघाली, मुंजी निघाल्या, कुणाच्या आज्या निघाल्या. शैला एकाही फाइलमध्ये नाही. आईंकडे तिचा शाळेतला फोटो आहे, पण त्या दोन वेण्यांच्या मुलीला नाखवा ओळखणार नाहीत... कळव्याचा तो खिळा अजून रिकामाच आहे.