पुढच्या रांगेतल्या आज्या

मांपोंग गावच्या रस्त्यावर तिखट केळी तळून विकणाऱ्या पोकुआला दोनच गोष्टींची खात्री होती. तेल चांगलं तापल्याशिवाय त्यात केळं टाकायचं नाही, आणि पुढे बसणारीच पोरं पास होतात. ती स्वतः शाळेत दाराजवळ बसायची. शिकली काय, तर रस्त्यावरच्या शेळ्या कुणाच्या ते ओळखायला!

म्हणून शाळेतल्या बोआची नावाच्या मास्तरांनी "तुझी लेक सेरवा अशाच दांड्या मारत राहिली, तर याच वर्गात म्हातारी होईल," असं सुनावलं, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बसतेस कुठे गं तू?" तिनं घरी येऊन पोरीला विचारलं.

"सगळ्यात मागे, जमिनीवर. फळाच दिसत नाही, मग जाऊ कशाला?"

बाकं एकही नाही, पोरं ढीगभर. आधी येईल त्याची पुढची जागा. त्याच संध्याकाळी पोकुआनं आपल्या आईचं स्टूल डोक्यावर घेतलं आणि फळ्यासमोर आडवं करून ठेवून आली. उठताना स्टूल आडवं करून ठेवायचं, म्हणजे दुसरं कुणी त्यावर बसत नाही, ही गावची रीत; आणि हे तर म्हाताऱ्या माणसाचं! त्याला हात लावायची कुणाची छाती आहे? जागा पक्की.

पण शेजारच्या अफियानं पाहिलंच. "वा गं पोकुआ! तुलाच आई आहे, आम्ही काय झाडावरून पडलो?"

दोन दिवसांत पुढची सगळी जागा गावातल्या आज्यांच्या स्टुलांनी भरून गेली.

मास्तर वर्गात आले, तर समोर नुसती आडवी स्टुलं, आणि पोरं मागच्या भिंतीला पालींसारखी चिकटलेली.

"अरे, बसा की त्यांच्यावर!"

"आजीच्या स्टुलावर?" सेरवाचे डोळे कपाळात गेले. "मास्तर, ती मला सोलून आईच्या कढईत टाकेल!"

"छान. म्हणजे आज आज्या सगळ्या हजर, आणि पोरं दुसऱ्या गावात."

वर्ग खो-खो हसला. खिडकीशी उभ्या पोकुआनं मात्र कपाळावर हात मारला. तिनंच तर पोरीला होती त्याहून मागे ढकललं होतं!

"काढून नेऊ का, मास्तर?"

"राहू दे. आज्यांना कोण उठवणार? हातबित मीही लावणार नाही हं." असं म्हणून मास्तरांनी फळा तिपाईसकट उचलला, पोरांच्या डोक्यांवरून नेला आणि मागच्या भिंतीला टेकवला. "आजपासून पुढची बाजू इकडे!"

सेरवाचं नाक फळ्याला लागायचंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी फळा खिडकीपाशी, तिसऱ्या दिवशी दारापाशी. पुढची बाजू कुठली, ते घंटा झाल्याशिवाय मास्तरांनाही ठाऊक नसायचं. ते बघायला पोरं सकाळी धावत सुटायची, आणि सगळ्यांच्या पुढे सेरवा, तोंडात अर्धं केळं.

वर्ष संपलं तशी ती तशीच धावत घरी आली. "आई, पास! वरच्या वर्गात!"

"बघ! सांगत नव्हते? पुढे बसलं की पास होतंच!"

"आई, पण पुढे म्हणजे कुठे?"

पोकुआ उत्तर शोधता शोधता अशी हसत सुटली, की जन्मात पहिल्यांदा तिची कढईभर केळी करपली.