बाळकुमच्या घरातलं पाणी

हे मी घरात बोललेलो नाही, मित्रांत नाही, आणि ज्या पत्रकांतून मी जगाला खडे बोल सुनावतो त्यांत तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

माझे पणजोबा ठाण्याच्या कोर्टात वकील होते. ठाण्याजवळच्या बाळकुम गावातल्या, मिठागरांत राबणाऱ्यांचे खटले त्यांनी फुकट लढवले — गोऱ्या साहेबासमोर, आवाज न उतरवता. पुढे राजकारणात पडले ते कट्टर सनातनी म्हणून. त्यांचं राजकारण मला एक दिवसही पटलेलं नाही. तरी त्यांचं नाव घेताना माझी मान ताठ होते. का होऊ नये?

डोंबिवलीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये बसून मी त्यांच्यावर पुस्तिका लिहिली. तीत एक वाक्य आहे — 'बाळकुमच्या घराघरात ते बसले, तिथलंच पाणी प्यायले.' लोकांना ते फार आवडलं. मलाही.

ते खरं नव्हतं. पणजोबा पक्षकारांच्या ओटीवर बसत, पण पाणी घरून नेलेल्या तांब्यातलंच पीत. हे आजोबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. मतं मागायला गेले तेव्हाही तांब्या बरोबर होता. कुणीतरी भर सभेत विचारलं, तर म्हणाले, "तुमचं पाणी मला चालत नाही. तुमचा खटला मात्र सोडणार नाही." गावातली मतं गेली. खटला ते शेवटपर्यंत लढले.

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात पुस्तिकेवर माझं भाषण झालं. संपल्यावर बाळकुमचे एक म्हातारे काका उठले. "पोरा, भाषान बेस केलास. पन तुजा पंजा आमचे घरान पानी नाय पियाला. तांब्या संगती आनाचा. माजी आजी सांगाची."

मी काय बोलायला हवं होतं — ते तुम्हालाही कळतंय. मी हसलो. म्हणालो, "काका, आजी दुसऱ्याच कुठल्या वकिलाबद्दल बोलत असतील. तेव्हा ठाण्यात दगड भिरकावला तरी वकिलालाच लागायचा."

सभागृह हसलं. "बसा हो काका, वय झालं," शेजारचा कुणीतरी म्हणाला. आजीचा शब्द घेऊन आलेला माणूस — त्याला मी चारचौघांत विसरभोळा ठरवलं. काका बसले.

भीती कसली होती? पणजोबा लहान होतील याची? ते तर स्वतःच भर सभेत सांगून मोकळे झाले होते. लहान मी झालो असतो — माझी पुस्तिका, माझ्या टाळ्या.

जिन्यात काका भेटले. "तुजा पंजा तोंडावं बोलाचा," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, रिक्षा करून देतो. त्यांनी मान हलवली आणि चालू लागले.

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य तसंच आहे. प्रूफं मीच तपासली. त्यानंतर ठाण्यात माझी कितीतरी भाषणं झाली — खरं बोलण्यावरही. बाळकुमला मी गेलेलो नाही.