बुधाजीच्या मोटारीचं दार

खोपोलीहून पनवेलला सर्व्हिस मोटार दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची, त्या काळातल्या माणसाला बुधाजी ड्रायव्हर कोण हे सांगावं लागत नाही. मोटार भरली आणि हँडल मारून इंजिन सुरू झालं की बाकीचे ड्रायव्हर टुणकन उडी मारून जागेवर बसत. बुधाजी बसायचा नाही. तो मागच्या दाराशी जायचा, दोन्ही हातांनी दार ओढून बघायचा, आडवा अडसर खाचेत बसलाय का ते आत हात घालून बोटांनी चाचपायचा आणि मग उतारूंकडे मास्तरासारखं बघून म्हणायचा, "दाराला हात लावायचा नाय. वरची दांडी धरायची. गाडी पुरती थांबल्याबिगर कोनी उठायचं नाय." कुणी खुदकन हसलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. म्हणून त्याच्या मोटारीत लोक हसू दाबून बसायला शिकले होते.

"काय बुधाजी, झाली का दाराची पूजा?" खालापूरच्या कचेरीतले कारकून विचारायचे.

"झाली. आता परसाद मिळंपोत्तर गुमान बसा."

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण हे खूळ बुधाजीच्या डोक्यात जन्मापासून नव्हतं. ते त्याला एका बाईच्या मोडक्या हाताने दिलं, आणि ते पदरात घ्यायला त्याला आपल्या तोंडाने आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागली.

बुधाजी साजगावचा, मूळचा गाडीवान. पंचवीस वर्षं त्याने या रस्त्याने भात नि कोळसा पनवेलला नेला, आणि जाता येता वाटेवरची माणसं गाडीत घेतली. बैलगाडीच्या दोन्ही कडांना उभे लाकडी खुंट असतात. उतार आला की गाडीवानाने हाळी द्यायची आणि बसलेल्यांनी खुंटाला मिठी मारायची, ही या भागातली रीत. बुधाजीचा बाप "खुंटं धरा रंऽ!" अशी काही हाळी द्यायचा की समोरून येणारे बैलसुद्धा थबकत. तीच हाळी पोराच्या गळ्यात उतरली होती. पंचवीस वर्षांत त्याच्या गाडीतून तान्हं पोरसुद्धा कधी खाली पडलं नाही, आणि हे तो दर माणसाला एकदा तरी ऐकवायचा.

मग तीस सालच्या सुमाराला खोपोलीच्या गजाशेटने जुनी मोटार आणली. तिच्यावर लाकडी सांगाडा चढवला, आत बाकं ठोकली, बाजूंना कापडी पडदे सोडले आणि डाव्या अंगाला मागे एक दार बसवलं. दाराला आतून लोखंडी मूठ होती. मूठ खाली दाबली की दार बाहेर उघडायचं. बुधाजीने बैल मेव्हण्याच्या दावणीला बांधले, पनवेलला राहून मोटार शिकला, लायसन काढलं आणि खाकी कोट घालून गावात आला तेव्हा त्याची बायको सोनुबाई तोंडाला पदर लावून हसली. "कोट घातला म्हून माणूस बदलतो व्हय?" ती म्हणाली. ती खरंच बोलत होती. कोटाच्या आत गाडीवानच होता.

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात ते घडलं. खालापूर सोडून चौक गावाकडे जाताना एका फाट्यावर ठकी उभी होती. ठकी म्हणजे वरच्या ठाकरवाडीतली पन्नाशीची बाई. पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची आणि भारा डोक्यावर घेऊन सहा कोस पनवेलच्या बाजाराला चालत जायची. त्या दिवशी पायात काटा मोडला होता, म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने मोटारीला हात केला. भारा टपावर गेला. जागा राहिली होती ती दाराशीच. ठकी अंग चोरून तिथे बसली.

पुढे उतार लागला, आणि उताराच्या पायथ्याशी उजवीकडचं वळण. बुधाजीच्या गळ्यातून सवयीने हाळी गेली, "खुंटं धरा रंऽ!"

रोजचे उतारू ही हाळी ऐकून नुसते हसायचे, कारण मोटारीला खुंट नव्हतेच. ठकीला ते कुठून ठाऊक असणार? गाडीवाल्याने धर म्हटलं, तिने धरलं. हाताशी एकच लोखंड होतं. तिने दाराची मूठ दोन्ही हातांनी आवळली. मोटार वळली, तिचं सगळं वजन मुठीवर आलं, मूठ दबली, दार सताड उघडलं आणि ठकी मुठीसकट बाहेर ओढली जाऊन रस्त्याकडेच्या खडीवर पडली. उजवा हात मनगटात मोडला. जीव वाचला तो वळणावर गाडीचा वेग कमी होता म्हणून.

पंचनामा झाला. गजाशेट धावत आला आणि बुधाजीला झाडामागे नेऊन म्हणाला, "तू कायबी बोलू नको. बाईनं आपल्या हातानं दार उघडलं, हे समद्यांनी बघितलंय. खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर गोम होती. उतारूंनी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, लिहिणाऱ्याने सांगितलं ते लिहिलं. हाळीचं कुणी बोललं नाही, कारण ती रोजचीच होती. बुधाजीला विचारलं तेव्हा त्याने मिठाची गुळणी धरली. 'बाईच्या स्वतःच्या हयगयीमुळे' असं कागदावर आलं आणि त्याखाली त्याने अंगठा उठवला.

एवढ्यावर मिटलं असतं तर कदाचित बुधाजीनेही मनाची समजूत घातली असती. माणूस स्वतःला फसवायला फार हुशार असतो. पण गजाशेटने दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं की ठाकरांना मोटारीत घ्यायचं नाही, त्यांना बसायची अक्कल नाही, उद्या कुणी मेलं तर निस्तरायचं कुणी? आणि ते फर्मान पाळायचं बुधाजीने. फाट्यावर वाडीतल्या बाया भारे घेऊन हात करायच्या आणि बुधाजी समोर नजर लावून मोटार तशीच पुढे हाणायचा. धुरळा त्यांच्या तोंडावर उडायचा. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी त्याला भाकर गिळेना.

सोनुबाईने ताट सरकवलं. "तुमच्या गाडीतनं कोन पडत नव्हतं म्हनून मिरवायचात. आता काय झालं?"

"तिनं मूठ धरली."

"का म्हून धरली?"

बुधाजीने ताट परत सरकवलं. सोनुबाई लग्न होऊन आली ती त्याच्याच गाडीतून, ती हाळी ऐकत. तिला उत्तर ठाऊक होतं. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीला सुट्टी होती. बुधाजी कोट न घालता वाडीवर चढला. ठकी झोपडीबाहेर बसली होती. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, आणि डाव्या हाताने पानं टाचायची खटपट चालली होती. पान निसटत होतं, ती ते पुन्हा उचलत होती.

"ठकेबाय, हात कसा हाय?"

"हाय तिथंच हाय." तिने वर पाहिलं नाही. "कशाला आलास?"

"बघाया आलो."

"मंग बघ." तिने मोडका हात पुढे केला. "आता मला येक सांग. तू बोललास धर. मी धरला. माझं काय चुकलं?"

बाई चिडून बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारत होती. आपलं काय चुकलं हे पंधरा दिवस तिने शोधलं होतं आणि तिला ते सापडलं नव्हतं.

"तुजं कायबी चुकलं नाय," तो म्हणाला. "माजं चुकलं."

"ह्ये हितं बोलून काय? माज्या झोपडीला ठावं हाय. लोकांना सांग."

डोंगर उतरताना बुधाजीच्या मनाने घेतलं ते घेतलंच. लाजेने त्याचे कान तापले होते, पण पाय घराकडे वळले नाहीत. तो सरळ खालापूरला महालकऱ्यांच्या कचेरीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रावसाहेब, त्या कागदावर अर्धंच लिवलंय. उरलेलं मी सांगतो."

महालकऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लायसन जाईल, कळतंय का?"

"कळतंय. बाईनं मूठ धरली ती माज्या हुकमानं धरली. आन् दाराला आतनं दुसरी कडी नाय, ह्ये मला पयल्या दिवसापास्नं ठावं व्हतं. मी शेटला बोललो नाय. लिवा."

कारकुनाने लिहून घेतलं. लायसन चार महिन्यांसाठी जमा झालं, आणि दाराला पक्की कडी बसल्याशिवाय मोटारीत माणूस बसवायचा नाही असा गजाशेटला हुकूम गेला. गजाशेट बुधाजीच्या ओटीवर येऊन थयथयाट करून गेला. "खाल्ल्या ताटात घान केलीस!" बुधाजीने ऐकून घेतलं. मग मेव्हण्याच्या दावणीचे बैल सोडून आणले, गाडी जुंपली आणि पुन्हा भात-कोळसा वाहू लागला. गाव म्हणालं, कोटवाला पुन्हा शेणात आला. गावाला बोलायला काय लागतं?

त्या चार महिन्यांत बुधाजी डोक्याने मात्र मोटारीतच होता. घराच्या दाराला आतून आडवा अडसर असतो, तसाच मोटारीला का नसावा? त्याने सुताराकडून सागाचा अडसर करून घेतला. गजाशेटचा जावई म्हणाला, त्यापेक्षा दार दोराने करकचून बांधून टाकू, बला टळली. बुधाजीने मान हलवली. "आन् मोटार पेटली, नायतर पाण्यात गेली, तर आतली मानसं गाठी सोडीत बसतील व्हय? दार आपनहून उघडता कामा नये, पन उघडायचं म्हनलं तर येका हातानं उघडलं पायजे." अडसर तसाच झाला. वर उचलला की सुटायचा, नुसता दाबला तर हलायचा नाही. आणि धरायला म्हणून छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दांडी.

गजाशेटने हुकुमाप्रमाणे कडी ठोकून मोटार चालू ठेवली होती, पण लायसन परत मिळालं तेव्हा त्याचा तिसरा ड्रायव्हर पळून गेला होता. त्याने कपाळाला आठ्या घालून बुधाजीला बोलावलं.

"येतो," बुधाजी म्हणाला. "पन माजा अडसर, माजी दांडी. आन् फाट्यावर मोटार थांबनार, ठाकरं बसनार."

"आनि नाय म्हनलो तर?"

"माजे बैल धष्टपुष्ट हायत."

गजाशेटने चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी हँडल त्याच्या हातात दिलं.

पहिल्या बाजाराला बुधाजीने फाट्यावर मोटार उभी केली. ठकी इतर बायांसह भारा घेऊन उभी होती. हात बरा झाला होता, पण मनगट वाकडं जुळलं होतं. बुधाजी खाली उतरला. "ठकेबाय, बस." ठकीने मान फिरवली आणि चालू लागली. तिच्या मागून बाकीच्याही. दुसऱ्या बाजाराला तेच, तिसऱ्याला तेच. उतारू करवादू लागले, एकाला कचेरीची तारीख, एकाच्या घरी पाहुणे. "अहो, नाही यायचं त्यांना, चला की!" बुधाजी म्हणायचा, "यील." आणि ती वळणाआड होईपर्यंत तसाच उभा राहायचा. असे सात बाजार गेले.

आठव्या बाजाराला ठकी थांबली. भारा खाली ठेवला, मोटारीत चढली, पण बसली नाही. आतल्या उतारूंना दार लावायला लावलं, अडसर घालायला लावला आणि वाकड्या मनगटाने दाराची मूठ धरून अंगाचं सगळं वजन तिच्यावर टाकलं. मूठ दबली. अडसराने दार धरून ठेवलं. तिने दुसऱ्यांदा जोर लावला, तिसऱ्यांदा लावला. खाली उभ्या बुधाजीला घाम फुटला होता.

मग तिने अडसर उचलून पाहिला. दार उघडलं. पुन्हा लावलं.

"आता काय धरू, सांग."

"वरची दांडी. दाराला हात लावायचा नाय."

"मोठ्यानं सांग. समद्यांना."

बुधाजीने मोठ्याने सांगितलं. तेव्हापासून तो ते रोज सांगत आला.

ठकीने जागा घेतली ती दाराशीच. वाडीच्या चौघीजणी तिच्या पाठोपाठ चढल्या. बुधाजीने दार ओढून पाहिलं, अडसर चाचपला आणि मोटार काढली. चौकाअलीकडचा तोच उतार लागला. बापाची जुनी हाळी ओठांशी येऊन अडली. नवी हाळी द्यायची त्याने घोकून ठेवली होती, पण तोंडातून शब्द निघेना.

तेवढ्यात मागून, पार दाराजवळून, खणखणीत आवाज आला, "दार सोडा गंऽ! वर धरा, वरऽ!"

बुधाजीचे डोळे भरून आले. पुसायला त्याने चाकावरचा हात काढला नाही, आणि मागे वळूनही पाहिलं नाही. उतारावर ड्रायव्हरने समोर बघायचं असतं.